मत्तडीच्या वाळूतली शर्यत

माझी भाची सायली खराब रस्त्यांवरून सायकल चालवते. हाच तिचा व्यवसाय आहे. साताऱ्यात कुणाला हे सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग विचारतो, "ते ठीक आहे, पण नोकरी कुठे करते?" बरीच वर्षं मीही हेच विचारत होते. शाळेत बत्तीस वर्षं भूगोल शिकवला, मुरूम आणि जांभा आणि काळी माती फळ्यावर काढून दाखवली, पण या मुरमावरून सायकलींच्या शर्यती होतात, त्यांना ग्रॅव्हल म्हणतात, त्यासाठी रुंद टायरच्या वेगळ्या सायकली असतात आणि परदेशी संघ खेळाडूंना करारावर ठेवतात, हे मला भाचीने शिकवलं.

या शर्यतींत बाहेरची मदत जवळजवळ नसते. पंक्चर झालं तर स्वतः काढायचं, साखळी तुटली तर स्वतः जोडायची. ठरवून दिलेल्या दोन जागी मात्र आपला माणूस पाण्याची बाटली हातात देऊ शकतो. सायलीला बाटल्या देणाऱ्या मित्राचं मनगट मोडलं, आणि हैदराबादजवळची शर्यत आठ दिवसांवर आलेली. तिचा फोन आला.

"मावशी, दोनच बाटल्या द्यायच्या आहेत. येशील?"

मी लगेच हो म्हटलं. रिकामीच होते. गाडीत बसल्यावर मग तिने खरी गोष्ट सांगितली. तिचा करार या वर्षी संपत होता. संघाचे लोक ही शर्यत पाहून पुढचं ठरवणार होते. हे ऐकल्यावर दोन बाटल्या मला एकदम जड वाटायला लागल्या.

शुक्रवार, चिक्कडपल्ली

बाकीचे खेळाडू हॉटेलात उतरले होते. आम्ही मात्र शर्यतीचा मार्ग आखणाऱ्या काशीनाथरावांच्या घरी. सायली मराठी आहे हे कळल्यावर त्यांनी फोनवरच हॉटेल रद्द करायला लावलं होतं. चिक्कडपल्लीत वह्या-पेनांच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर त्यांचं घर. वय एकाहत्तर, सडपातळ, शर्टाच्या खिशात मोजपट्टी. सरकारी रस्त्यांचे इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले. आजोबा देगलूरकडचे शेतकरी, निजामाच्या काळात शहरात आले ते इथलेच झाले.

"या ताई, या. परेशान झाल्या असाल. पहिले चाय घ्या, बाकी बातां नंतर," ते म्हणाले.

त्यांची मराठी ऐकायला मला फार गोड वाटली. 'नको'चं 'नक्को', 'हो'चं 'हौ', मध्येच एखादा तेलुगू शब्द असा काही येऊन बसायचा की तो मराठीच वाटावा. त्यांच्या पत्नी सुमनवहिनी मात्र बोलण्यापेक्षा वाढण्यात जास्त. त्यांनी सर्वपिंडी केली होती. आपलं थालीपीठच म्हणा, पण तांदळाच्या पिठाचं, आत शेंगदाणे, भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि कढीपत्ता. ते तव्यावर न थापता खोलगट भांड्याच्या आतल्या बाजूला बोटांनी दाबत नेतात, मग भोकं पाडून तेल सोडतात. बाहेरून कुरकुरीत, मध्ये मऊ. मी तिसरी मागितली तेव्हा वहिनी पहिल्यांदा हसल्या.

जेवणं झाल्यावर काशीनाथरावांनी त्याच टेबलावर नकाशा पसरला. आयुष्यभर रस्ते डांबरी करणारा हा माणूस निवृत्तीनंतर मोटारसायकलवरून न झालेले रस्ते शोधत हिंडतो. मी विचारलं, "खरा ग्रॅव्हलचा मार्ग ओळखायचा कसा?"

"सोपं आहे. जिथून बैलगाडी बिनधास्त जाते आणि मोटारवाला खाली उतरून पाहतो, ती आपली वाट."

"मग डोंगरातली पायवाट?"

"नक्को. तिथं सायकल खांद्यावर घ्यावी लागते. तो खेळ वेगळा. आणि नुसता सपाट, दाबून बसवलेला मुरूम पण नक्को. तो डांबराचा गरीब भाऊ." त्यांनी नकाशावर बोट फिरवलं. "हे पाहा, इथं मुरूम. इथं काळी माती, बैलगाडीच्या चाकांनी खोल चाकोऱ्या पडलेल्या. इथं उघडा कातळ. इथं ओढा. मुरमाला टायरमध्ये एक हवा लागते, वाळूला दुसरी, कातळाला तिसरी. पण हवा तर सकाळी एकदाच भरायची."

"म्हणजे अर्धी चूक करूनच घरातून निघायचं," सायली म्हणाली.

"हौ! बरोबर बोललीस बेटा." ते खूश झाले. मग बोट शेवटच्या टप्प्यावर आलं आणि चेहरा जरा उतरला. शेवटचे आठ किलोमीटर डांबर होतं. शर्यत भरवणाऱ्या रोहित नावाच्या बंगळूरच्या तरुणाला कॅमेऱ्यांसाठी शेवट गुळगुळीत हवा होता.

"तो रस्ता मीच बनवलेला," काशीनाथराव म्हणाले. "आधी त्या गावातून आजाऱ्याला बाजेवर घालून आणायचे. रस्ता झाला, बस आली. मला त्याचा पश्चात्ताप नाही. पण शर्यत तिथं संपावी हे काही बरोबर नाही."

सायलीला मात्र तो शेवट अगदी हवा तसा होता. लांब डांबरावर शेवटच्या वेगात तिला गाठणारी मुलगी या शर्यतीत नव्हती. डेन्मार्कची इंगा होती सगळ्यांत कसलेली, पण तिची ताकद माती आणि वाळूत.

दुपारी मी काशीनाथरावांबरोबर बेगम बाजारात गेले. वळणावळणावर बाण काढायला त्यांना पांढरी पूड हवी होती. आपण जिला रांगोळी म्हणतो तिला इथे मुग्गू म्हणतात, आणि ती पोत्यांनी विकत मिळते. हळदीचे ढीग, पितळेची भांडी, हातगाड्या, आणि त्या सगळ्यांतून वाट काढत पुढे चाललेले काशीनाथराव. दुकानदाराने विचारलं, "इतकी मुग्गू? लग्न आहे का घरात?" काशीनाथराव म्हणाले, "शंभर किलोमीटरचं अंगण आहे." दुकानदाराने जरा विचार करून आणखी एक चाळण बरोबर दिली.

संध्याकाळी गल्लीत माझा सराव झाला. बाटली तोंडाकडून दोन बोटांत धरायची, हात पुढे करायचा आणि तिचा हात लागला की लगेच सोडायची. सायली सायकलवरून जोरात आली, मी घाबरून बाटली घट्ट धरून ठेवली आणि ती दोघींच्या हातांतून उडून भाजीच्या गाडीवर टोमॅटोंत पडली. गाडीवाल्या बाई कपाळाला हात लावून हसायला लागल्या. नंतर मात्र त्याच "आता आली, आता आली, सोड!" असं तेलुगूत ओरडून मला शिकवत होत्या. सातव्या वेळी बाटली गेली. समोरच्या गच्चीवरून टाळ्या पडल्या.

शनिवार, तलावाकाठचं गाव

शहर सुटलं की पहिल्यांदा डोळ्यांत भरतात ते दगड. आपल्या सह्याद्रीचा दगड थरांचा, पायऱ्यापायऱ्यांचा. इथला ग्रॅनाइट गोल, गुळगुळीत, एकावर एक रचून ठेवल्यासारखा. इतक्या मोठ्या शिळा इतक्या लहान टेकूवर कशा उभ्या, हे मी मुलांना वर्षानुवर्षं शिकवलं होतं. प्रत्यक्ष पाहताना मात्र गाडीतून वाकून बघत राहिले. मग अनंतगिरीच्या टेकड्यांकडे जाताना माती लाल होत गेली, शिंदीची झाडं आली, मध्येच कापसाची काळी रानं आली.

सायली पुढे सायकलवर आणि आम्ही मागे जीपमध्ये, असा मार्गाचा उत्तरार्ध पाहिला. मुरमावर तिची सायकल करकर आवाज करत जायची. काळ्या मातीच्या चाकोरीत ती दोरीवरून चालल्यासारखी जायची. बाभळीचा लांब काटा टायरमध्ये घुसला तेव्हा मला वाटलं संपलं. पण या टायरमध्ये ट्यूब नसते, आत पांढरा चिकट द्रव असतो. तिने काटा उपसला, चाक फिरवलं, द्रवाने भोक स्वतःच बुजवलं आणि ती निघाली. बैलगाडीवाला थांबून हे पाहत होता. त्याने काशीनाथरावांना विचारलं की ते औषध बैलाच्या खुराला चालेल का.

पण शेवटच्या डांबरी रस्त्यावर पोहोचलो आणि काशीनाथरावांनी गाडी थांबवली. रस्ता सोनेरी झाला होता. गावाने भात वाळत घातलं होतं. एका टोकापासून नजर पोहोचेल तिथपर्यंत, दगडांची ओळ लावून, आणि बायका अनवाणी पाय ओढत भात उलटवत चालल्या होत्या. दर वर्षी इथे सुगीला डांबरावरच भात वाळवतात, मात्र अर्धा रस्ता सोडून. या वेळी अवकाळी पावसाने भिजलेलं भात सगळ्यांनी एकदम आणून पसरलं होतं. रस्ताच उरला नव्हता.

रोहित आधीच तिथे होता, फोन कानाला. "काका, यांना सांगा ना, फक्त उद्याच्या दिवसापुरतं उचला."

काशीनाथरावांनी सांगितलं नाही, विचारलं. लक्ष्मम्मा नावाच्या साठीच्या बाई पुढे आल्या. हातात मूठभर भात घेऊन त्यांनी ते काशीनाथरावांच्या तळहातावर ठेवलं. त्यांचं तेलुगू मला कळलं नाही, पण भात अजून ओलं आहे हे कळायला भाषा लागत नव्हती.

"ती म्हणते, दोन दिवस ऊन मिळालं तर वाचेल. आज ढीग केला तर आतून तापेल आणि काळं पडेल." काशीनाथरावांनी दाणे परत त्यांच्या हातात दिले. "रोहित, हे उचलायचं नाही."

"मग शर्यत कुठून न्यायची?"

काशीनाथरावांनी डावीकडे हात केला. तिथे तलाव होता आणि तलावाचा उंच बांध, इथल्या भाषेत कट्टा. "डांबर व्हायच्या आधी गावाचा रस्ता कट्ट्यावरून होता. बैलगाडीचा. मीच तो मोजला होता. पुढे मत्तडीतून उतरून तो थेट शाळेच्या मैदानात निघतो." मत्तडी म्हणजे तलाव भरला की जास्तीचं पाणी जिथून बाहेर पडतं ती जागा. आता पाणी नव्हतं, पन्नास-साठ पावलं रुंद वाळू होती.

नियम असा की आदल्या दिवशी मार्ग बदलायचा तर खेळाडूंच्या प्रतिनिधींनी होकार द्यायला हवा. स्त्रियांच्या गटाच्या प्रतिनिधी दोघी होत्या, इंगा आणि सायली. शाळेच्या व्हरांड्यात बैठक बसली. पुरुषांच्या प्रतिनिधींनी माना डोलावल्या. इंगा म्हणाली, "वाट जशी असेल तशी." मग सगळे सायलीकडे बघायला लागले.

ती नाही म्हणू शकत होती. कारणही तयार होतं, वाट तपासलेली नाही, धोका आहे. रोहितला तेच हवं होतं, मग त्याने गावकऱ्यांवर दबाव आणला असता. मी तिच्या शेजारी बसले होते. ती बुटाच्या टाचेने जमिनीवर रेघ ओढत होती. डांबर गेलं तर तिची जिंकायची सगळ्यांत मोठी संधी गेली, हे त्या व्हरांड्यात आम्हा दोघींनाच कळत होतं.

"माझा होकार आहे," ती म्हणाली आणि उठून बाहेर गेली.

तिच्या मनात काय चाललं होतं हे मला तेव्हा पूर्ण कळलं नाही. दुपारी सगळे खेळाडू नवी वाट पाहायला कट्ट्यावरून गेले. इंगा वाळूत चार वेळा इकडून तिकडे गेली, खाली वाकून वाळू हातात घेतली. सायली एकदाच गेली आणि झाडाखाली येऊन बसली. मी विचारलं, "आणखी एकदा जातेस का?" ती म्हणाली, "पाहिलं ना एकदा."

नव्या वाटेवर बाण काढायचे होते आणि काशीनाथराव एकटे पुरणार नव्हते. लक्ष्मम्मा आणि आणखी दहा-बारा बायका न बोलावता आल्या. बेगम बाजारातली मुग्गू चिमटीत धरून त्यांनी एका दमात सरळ, पांढरेशुभ्र बाण ओढले. काशीनाथरावांचे बाण त्यांच्यापुढे वाकडे दिसायला लागले. प्रत्येक बाणाच्या शेपटाला बायकांनी एकेक कमळ काढलं. रोहित म्हणाला, "कमळं कशाला?" लक्ष्मम्मांनी त्याच्याकडे पाहिलं आणि पुढच्या बाणाला दोन काढली.

रविवार, शर्यत

सकाळी गार होतं. स्त्रियांच्या गटात तीसेक जणी होत्या. शिट्टी झाली आणि त्या लाल धुळीत दिसेनाशा झाल्या. मी जीपने पहिल्या पाण्याच्या जागेवर गेले.

खेळाडूंना फक्त दुरून पाहिलं तर हा खेळ कळत नाही. जवळ उभं राहिलं की कळतो. आधी टेकडीपलीकडे धूळ दिसते, मग आवाज येतो, खडी चाकाखालून उडून सायकलच्या नळ्यांवर आपटल्याचा. मग चेहरे. सगळ्यांच्या चेहऱ्यावर लाल मातीचा लेप, डोळे तेवढे उघडे. त्या वेगात त्या एकमेकींना ओरडून खड्डे दाखवत होत्या, "दगड, उजवीकडे!" ज्यांना हरवायचं त्यांनाच. मला ते फार आवडलं.

सायली चौथी होती, तिच्या मागेच इंगा. मी हात पुढे केला. तिचा हात आला, बाटलीला लागला, आणि मी पुन्हा घट्ट धरलं. बाटली खाली पडून गवतात गेली. सायली थांबू शकत नव्हती. तिने मागे वळूनही पाहिलं नाही. पुढची पाण्याची जागा पस्तीस किलोमीटरवर होती आणि ऊन चढायला लागलं होतं.

मी तिथेच मटकन बसले. काशीनाथराव जीप घेऊन आले. "ताई, उठा. दुसरी बाटली आहे ना?"

"माझ्यामुळे गेली हो शर्यत."

"शर्यत संध्याकाळपर्यंत कोणाचीच जात नाही. उठा."

दुसऱ्या जागी मी बाटली दोन बोटांत धरली. दुसऱ्या हाताने आपलंच मनगट धरलं. आता पुढे दोघीच होत्या, इंगा आणि सायली, बाकीच्या बऱ्याच मागे पडलेल्या. सायली आली, मी सोडली, तिने पकडली. "हं!" एवढंच ती म्हणाली. मी रस्त्यात उभी राहून ओरडले, आणि माझ्याबरोबर अनोळखी लोक ओरडले.

मग आम्ही मत्तडीवर गेलो. अख्खं गाव तिथे होतं. कट्ट्यावर दोन ठिपके दिसले, जवळजवळ चिकटलेले. कट्टा जेमतेम बैलगाडीएवढा रुंद, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला खोल उतार. त्यावरून त्या दोघी ज्या वेगाने आल्या तो पाहून माझ्या शेजारच्या बाईने माझा हात धरला. काशीनाथराव खिशातली मोजपट्टी उघडत होते, मिटत होते.

उतारावर सायली अर्ध्या चाकाने पुढे होती. वाळू आली. इंगा डावीकडे वळली, काटेरी झुडपाला अगदी घासून. सायली उजवीकडून सरळ गेली. वरून उजवी बाजू घट्ट दिसत होती, वाळलेली पापडी होती ती. दहा पावलं गेल्यावर पापडी फुटली आणि पुढचं चाक रुतलं. सायली खाली पडली नाही, पण थांबली. उतरली, सायकल उचलली आणि वाळूतून धावायला लागली. इंगा डावीकडून, पाण्याने बसवलेल्या बारीक गोट्यांवरून, न थांबता पार झाली.

पलीकडे सायली पुन्हा सायकलवर बसली आणि मैदानापर्यंत अशी काही चालवली की शेवटी दोघींत तीनच सायकलींचं अंतर राहिलं. पण अंतर राहिलं. ती दुसरी आली.

मी धावत गेले. ती गवतावर उताणी पडली होती, छाती भात्यासारखी हलत होती. मी म्हटलं, "माझ्या बाटलीमुळे झालं गं."

"नाही मावशी." तिने डोळे उघडले. "बाटली पडलेली इंगाने पाहिली होती. टेकडी ओलांडल्यावर तिने तिची अर्धी भरलेली मला दिली."

इंगा शेजारीच बसून बूट झटकत होती. मी माझ्या मोडक्या इंग्रजीत तिचे आभार मानले. ती सहज म्हणाली, "तहानलेल्या मुलीला हरवून मी घरी काय सांगू?"

सायली उठून बसली. "वाळूत चुकले मी. काल नीट पाहिलंच नाही. हो म्हटलं, पण मनातून रुसले होते. त्या वाटेवर, काकांवर, सगळ्यांवर. इंगाने चार वेळा पाहिलं, मी एकदा. बस, एवढंच झालं."

तेवढ्यात काशीनाथराव आले. त्यांचे डोळे लाल झाले होते, धुळीने असतील. खेळाडूंपैकी कोण कोण येऊन त्यांचा हात हातात घेत होतं, आतापर्यंतच्या शर्यतींतला सगळ्यांत अस्सल शेवट म्हणून सांगत होतं. रोहितसुद्धा म्हणाला, "काका, पुढच्या वर्षीही इथूनच." पण ते सरळ सायलीकडे आले.

"बेटा, डांबर असतं तर तू जिंकली असतीस."

"हो, जिंकले असते," ती म्हणाली. मग जरा थांबून, "पण काका, उद्या आमची गाडी दुपारची आहे. सकाळी मला परत इथे आणाल?"

सोमवार, पुन्हा मत्तडी

सायलीचा करार पुढे पंधरा दिवसांनी झाला, एका वर्षाचा. दुसरी आल्यामुळे झाला की तसाही झाला असता, मला माहीत नाही. साताऱ्यात सगळे तेवढंच विचारतात. मला मात्र सांगायची आहे ती सोमवारची सकाळ.

मत्तडीत कुणी नव्हतं. तलावावर बगळे होते आणि लांब रस्त्यावर बायका भात उलटवत होत्या. सायलीने आधी सायकल हातात घेतलीच नाही. चप्पल काढून वाळूत चालली. डावीकडे, उजवीकडे, मध्ये. पायाच्या बोटांनी वाळू दाबून पाहिली. झुडपाजवळ बराच वेळ वाकून उभी राहिली. मग टायरमधली हवा थोडी सोडली, अंगठ्याने दाबून पाहिली, आणखी थोडी सोडली.

पहिल्या वेळी ती मध्येच रुतली. दुसऱ्या वेळी झुडपात गेली आणि दंडावर लांब ओरखडा उठला. मी पुढे निघाले, काशीनाथरावांनी हाताने थांबवलं. तिसऱ्या वेळी पुन्हा रुतली. चौथ्या वेळी तोल गेला आणि ती कुशीवर पडली. वाळू झटकली, सायकल उचलून परत कट्ट्यावर गेली. एकदाही आमच्याकडे पाहिलं नाही. शाळेत मी हुशार मुलं खूप पाहिली. झालेली चूक पुन्हा उघडून तिच्यासमोर इतक्या शांतपणे बसणारं कुणी पाहिल्याचं आठवत नाही.

सहाव्या वेळी ती पार झाली, पण पाय टेकून. ते तिने धरलं नाही.

सातव्या वेळी ती कट्ट्यावरून पूर्ण वेगात उतरली. झुडपाच्या इतक्या जवळून गेली की काटे बाहीला लागल्याचा आवाज आला. चाक एकदा डगमगलं, सरळ झालं, गोट्यांवर गेलं आणि ती पलीकडे निघाली. मी टाळ्या वाजवायला हात उचलले. पण ती तिथे थांबलीच नाही. पलीकडे वळली आणि त्याच वेगात परत यायला निघाली.

ती आमच्या समोरून वर कट्ट्यावर गेली. काशीनाथराव गुडघ्यावर हात ठेवून खाली बसले. वाळूत तिच्या जाण्याची रेघ उमटली होती, आणि येतानाची रेघ पहिलीच्या बरोबर वर पडली होती, कुठेही बाजूला न सरकता. त्यांनी खिशातून मोजपट्टी काढली, रेघेवर आडवी धरली आणि मग न मोजताच मिटून ठेवली.

"हौ," ते म्हणाले. "आता झाला रस्ता."